घरच्या सुतारकामाच्या खोलीतील आवाज आणि कंपन: उपाय कोणत्या क्रमाने करावेत

घरी सुतारकामाची यंत्रे ठेवणाऱ्या बहुतेकांची आवाजाविरुद्धची मोहीम भिंतीला फोम चिकटवण्यापासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. खोलीतला घुमारा कमी झाल्यामुळे काम करणाऱ्याला बरे वाटते. शेजारच्या खोलीत मात्र काहीही बदललेले नसते. फोम खोलीच्या आतले प्रतिध्वनी शोषतो, भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडवत नाही. जमिनीतून जाणाऱ्या कंपनाशी तर त्याचा संबंधच नसतो. मीही हीच चूक करून चुकलो आहे. म्हणून या लेखात उपायांइतकेच महत्त्व त्यांच्या क्रमाला दिले आहे: आधी मोजणी, मग यंत्राची दुरुस्ती, मग यंत्राखालचा आधार, मग फटी, आणि भिंतीला हात सर्वांत शेवटी.

सुरुवातीपूर्वी: दोन वाटा वेगळ्या ओळखा

आवाज खोलीबाहेर दोन वाटांनी जातो. पहिली वाट हवेची. राउटरची (लाकडात खाचा आणि कडा कोरणाऱ्या वेगवान यंत्राची) किंकाळी दाराच्या फटीतून, खिडकीतून आणि पातळ भिंतीतून बाहेर पडते. दुसरी वाट बांधकामाची. यंत्राचे हादरे पायांमधून जमिनीत, जमिनीतून भिंतींत उतरतात आणि दूरच्या एखाद्या खोलीत छताचा किंवा भिंतीचा पृष्ठभाग थरथरून त्यांचा पुन्हा आवाज होतो. पहिल्या वाटेवर वजन आणि हवाबंदपणा कामी येतो, दुसऱ्या वाटेवर लवचीक आधार. एका वाटेचा उपाय दुसरीवर केला, तर खर्च पूर्ण होतो आणि फरक शून्य पडतो.

डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेने चालत नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे. सारख्या आवाजाची दोन यंत्रे एकत्र चालू केली, तर पातळी दुप्पट न होता फक्त ३ डेसिबलने वाढते. एक यंत्र ९५ आणि दुसरे ८५ डेसिबलचे असेल, तर दोन्ही मिळून जेमतेम ९५.४ होतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की, सर्वांत मोठा आवाज करणारे यंत्र तसेच ठेवून बाकीच्यांवर कितीही मेहनत घेतली, तरी एकूण आकडा हलत नाही. कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटण्यासाठी १० डेसिबलची घट लागते.

*इशारा:* शेजाऱ्यांच्या आधी स्वतःच्या कानांची व्यवस्था करावी. कामाच्या जागेवरील आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील 'नायोश' या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा आहे आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला १ तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. खाली दिलेल्या चाचण्या करतानाही कानात बोळे किंवा कानांवर मफ असले पाहिजेत.

टप्पा १: मोजणी आणि निदान

१. एका वहीत प्रत्येक यंत्रासाठी चार रकाने आखावेत: यंत्र मोकळे चालताना, लाकूड कापताना, बंद दाराबाहेर, आणि ज्या खोलीतून तक्रार येते तिथे.

२. मोबाइलवरील आवाजमापक ॲप चालेल, पण त्याच्या आकड्यावर प्रमाण म्हणून विसंबू नये. आधी आणि नंतर यांची तुलना करण्यापुरताच तो उपयोगी आहे. म्हणून दर वेळी फोन तोच, अंतर तेच (यंत्रापासून १ मीटर, कानाच्या उंचीवर), लाकूड त्याच जातीचे आणि त्याच जाडीचे ठेवावे.

३. यंत्र चालू असताना तक्रारीच्या खोलीत जाऊन तळहात भिंतीवर आणि जमिनीवर टेकवावा. थरथर जाणवली, किंवा खालच्या पट्टीतली गुणगुण ऐकू आली पण यंत्राचा नेहमीचा कर्कश सूर ऐकू आला नाही, तर आवाज बांधकामातून येत आहे. कर्कश सूर ओळखू येत असेल, तर तो हवेतून येत आहे.

४. संशय उरल्यास हलके यंत्र जाड, मऊ गादीवर ठेवून काही सेकंद मोकळे चालवावे. पलीकडच्या खोलीतला आवाज एकदम उतरला, तर दोषी वाट जमिनीची आहे. ही चाचणी फक्त व्हॅक्यूम क्लीनरसारख्या यंत्रावर करावी. पाते असलेले कोणतेही यंत्र गादीवर ठेवू नये.

५. हातोडी आणि पटाशीच्या कामाचीही नोंद घ्यावी. हा भाग जवळजवळ सगळे वगळतात. खालच्या मजल्यावर पुष्कळदा यंत्रापेक्षा ठोकण्याचाच त्रास अधिक होतो, कारण टेबलाच्या पायांमधून प्रत्येक ठोका सरळ जमिनीत उतरतो.

*तपासणी:* वहीत प्रत्येक यंत्रापुढे 'हवा', 'जमीन' किंवा 'दोन्ही' यांपैकी एक शब्द लिहिलेला असल्याशिवाय काहीही विकत आणू नये.

टप्पा २: यंत्राची दुरुस्ती

पहिली ऐकण्याची चाचणी आणि शेवटची तपासणी सोडून बाकीची कामे यंत्राचा प्लग काढूनच करावीत. या टप्प्याला खर्च जवळजवळ नाही, तरीही तोच सर्वांत जास्त वेळा टाळला जातो.

१. मोकळे चालणारे यंत्र बंद करून त्याचा वेग मंदावताना ऐकावे. थांबता थांबता एखाद्या ठरावीक वेगाला धडधड वाढत असेल, तर कुठेतरी असमतोल आहे किंवा सांगाड्याचा अनुनाद (त्या वेगाला सांगाडा स्वतःच जोराने थरथरणे) आहे. घरघर सारखीच येत राहिली, तर आधी बेअरिंग तपासावे.

२. पट्ट्याने चालणाऱ्या यंत्रात दोन्ही पुलींच्या बाजूंना सरळ पट्टी लावून पाहावी. पट्टी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. पुष्कळ दिवस न वापरलेल्या यंत्राचा पट्टा पुलीभोवती ज्या आकारात राहिला असेल, तोच आकार धरून बसतो आणि प्रत्येक फेऱ्याला उडी मारतो. असा पट्टा बदलावा. कड्या जोडून केलेला पट्टा या बाबतीत चांगला असतो, कारण त्याला एकाच आकारात राहण्याची सवय लागत नाही.

३. टेबल सॉच्या (टेबलात बसवलेल्या गोल करवतीच्या) पात्याचा डगमग डायल गेजने (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाने) मोजावा. ज्या फ्लँजवर पाते बसते तिथला डगमग ०.०३ मिलिमीटरच्या आत असावा आणि पात्याच्या कडेजवळ ०.१ मिलिमीटरच्या आसपास. फ्लँजवर चिकटलेला भुसा किंवा राळ हेच पुष्कळदा कारण निघते, त्यामुळे आधी पुसून मग मोजावे.

४. पत्र्याची झाकणे, भुशाचे ड्रॉवर, मोटारीवरचे आवरण यांचे स्क्रू घट्ट करावेत. मोठ्या मोकळ्या पत्र्याच्या आतून जाड, चिकट डॅम्पिंग शीट (कंपन जिरवणारी) लावली, की पत्र्याचे खणखणणे थांबते. पत्र्याचा संपूर्ण भाग झाकण्याची गरज नसते. मधला निम्मा भाग पुरतो.

*तपासणी:* टेबल सॉच्या पटलावर एक नाणे कडेवर उभे करून यंत्र सुरू करावे. नाणे पडले, तर हा टप्पा अपुरा आहे. यंत्र स्वतःच हादरत असताना त्याखाली रबर घातले, तर ते आणखी डोलेल.

टप्पा ३: पाते आणि कापण्याची रीत

बोथट पाते जास्त आवाज करते, आणि राळेने माखलेले पाते बोथट नसतानाही तसेच वागते. त्यामुळे आधी पाते धुवावे, तरीही फरक नसेल तर धार लावून आणावे. पाते मोकळे फिरतानाच शिटीसारखा एक सूर लागत असेल, तर ते स्वतःच्या नैसर्गिक वारंवारितेवर थरथरत आहे. अंगात बारीक नागमोडी चिरा पाडून त्यांत डॅम्पिंग द्रव्य भरलेली पाती यावर चांगली काम करतात.

प्लेनर किंवा थिकनेसरमध्ये (लाकूड रंधून सपाट आणि सारख्या जाडीचे करणाऱ्या यंत्रांत) सरळ सुऱ्या पूर्ण रुंदीने एकदम लाकडावर आदळतात. मळसूत्री मांडणीत बसवलेले छोटे कटर एकामागून एक लाकडाला लागतात, म्हणून तेच काम बरेच शांत होते. या सगळ्या यादीतला हा महाग उपाय आहे. पण थिकनेसर रोजच्या वापरात असेल, तर भिंतीवरच्या खर्चाआधी याचा विचार करावा. राउटरचा वेग बिटच्या (कापणाऱ्या टोकाच्या) व्यासानुसार उतरवावा. ५० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा बिट मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या वर चालवू नये, आणि हा नियम आवाजापेक्षा सुरक्षिततेसाठी अधिक महत्त्वाचा आहे.

टप्पा ४: यंत्राखालचा आधार

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

यंत्राखाली रबराची चटई अंथरणे म्हणजे कंपन अडवणे नव्हे. रबराचा आधार स्प्रिंगसारखा काम करतो, आणि स्प्रिंग किती उपयोगी पडेल हे ती यंत्राच्या वजनाखाली *किती मिलिमीटर दबते* यावर ठरते. पुरेशी दबली नाही, तर हादरे जसेच्या तसे खाली जातात. चुकीच्या प्रमाणात दबली, तर आधार आणि यंत्र यांचा अनुनाद जुळून हादरे उलट वाढतात.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी २,८५० ला भागावे आणि उत्तराचा वर्ग करावा. आधार किमान तितके मिलिमीटर दबला, की त्या वेगाच्या हादऱ्यांचा सुमारे आठवा भागच जमिनीत उतरतो.

– २,८८० फेरे: सुमारे १ मिलिमीटर
– १,४४० फेरे: सुमारे ४ मिलिमीटर
– ९६० फेरे: सुमारे ९ मिलिमीटर

भरीव रबर आपल्या जाडीच्या १० ते १५ टक्क्यांहून अधिक दाबू नये, नाहीतर ते लवकर निकामी होते. म्हणजे ४ मिलिमीटर दबण्यासाठी सुमारे ३० ते ४० मिलिमीटर जाडीचे रबर लागेल. सहा मिलिमीटरची चटई एक मिलिमीटरसुद्धा नीट दबू शकत नाही, त्यामुळे १,४४० फेऱ्यांच्या मोटारीसाठी तिचा उपयोग यंत्र सरकू न देण्यापुरताच. आता क्रम असा:

१. यंत्राच्या पाटीवरील फेरे वाचावेत. पट्ट्याने वेग बदलत असेल, तर सर्वांत हळू फिरणारा जड भाग धरावा. बँडसॉच्या (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या करवतीच्या) चाकांना हा हिशेब लावला, तर आधार इतका मऊ निघतो की यंत्र उभेच राहणार नाही; तिथे चाकांचा समतोल आणि टायरची सफाई हाच खरा उपाय आहे.

२. प्रत्येक पायावर पडणारे वजन वेगळे काढावे. माणसाचे वजन करण्याचा काटा एका पायाखाली ठेवून उरलेल्या पायांखाली तितक्याच जाडीच्या फळ्या घालाव्यात आणि एकेक कोपरा मोजावा. मोटारीच्या बाजूचा कोपरा पुष्कळदा दुसऱ्याच्या दुप्पट निघतो.

३. त्या त्या वजनाला योग्य असे आधार निवडावेत. चारही कोपऱ्यांना एकसारखे आधार बसवले, तर यंत्र तिरके होते आणि हलका कोपरा न दबल्यामुळे तिथून हादरे जातच राहतात.

४. रबर चटईसारखे अखंड न अंथरता त्याचे छोटे तुकडे करावेत. रबराचे आकारमान दाबाने घटत नाही, ते बाजूला फुगते. फुगायला जागा नसेल, तर ते दगडासारखे कडक वागते.

५. बोल्टने यंत्र जमिनीला जखडायचे असल्यास बोल्टभोवती रबरी बुश आणि नटाखाली रबरी वॉशर घालावा. रबराच्या आरपार लोखंडी बोल्ट घट्ट आवळला, की हादऱ्यांना हमरस्ता मिळतो. भुशाचा कडक पाइप, भिंतीला टेकलेले टेबल आणि ताणलेली वायरसुद्धा हेच करतात.

६. लाकडी जमीन असेल, तर यंत्र खोलीच्या मध्यावर न ठेवता तुळईच्या आधाराजवळ, म्हणजे भिंतीलगत ठेवावे, पण भिंतीला टेकवू नये. लाकडी जमीन स्वतःच लवते, त्यामुळे वरच्या हिशेबातली घट तिथे पूर्ण मिळत नाही.

*इशारा:* टेबल सॉवर मोठे प्लायवूड ढकलताना किंवा लेथवर (लाकूड फिरवून गोल घडवण्याच्या यंत्रावर) असमतोल ठोकळा लावताना मऊ आधार घातक ठरतो. यंत्र हाताने ढकलले असता डुलत असेल, तर आधार कडक करावा आणि कमी लाभावर समाधान मानावे. लेथसाठी आधाराऐवजी वजन वाढवावे. खालच्या पेटीत वाळूच्या पिशव्या भरल्या की त्याचे हादरणे लक्षणीय कमी होते.

कामाच्या टेबलालाही हेच लागू आहे. जड टेबल, खालच्या फळीवर वाळू, पायांखाली रबराचे तुकडे, आणि पटाशीचे काम टेबलाच्या मध्यावर न करता बरोबर पायाच्या वर.

टप्पा ५: डस्ट कलेक्टर आणि कॉम्प्रेसर

भुसा ओढणारा डस्ट कलेक्टर आणि हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर ही दोन यंत्रे सर्वांत जास्त वेळ चालतात आणि त्यांच्याजवळ उभे राहण्याची गरज नसते, त्यामुळे पेटीत बंद करण्याजोगी तीच आहेत.

१. पेटी १८ मिलिमीटर प्लायवूड किंवा एमडीएफची (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीची) करावी आणि आतून ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडापासून केलेली तंतुमय लोकर) लावून त्यावर कापड ताणावे, म्हणजे तंतू सुटत नाहीत.

२. हवा बाहेर जाण्याची वाट सरळ भोकाची ठेवू नये. आतून रॉकवूल लावलेल्या बोगद्याला दोन काटकोनी वळणे द्यावीत. बोगद्याचा छेद भुशाच्या पाइपच्या किमान दुप्पट असावा. अरुंद बोगद्यात हवेचा वेग वाढून तीच शिटी वाजवू लागते आणि ओढही घटते.

३. पेटी यंत्राला कुठेही टेकू नये. यंत्र स्वतःच्या आधारावर आणि पेटी वेगळी जमिनीवर असावी. पाइपचा शेवटचा अर्धा मीटर मऊ, वाकणारा असावा.

४. पिस्टनच्या कॉम्प्रेसरचा मोठा आवाज हवा आत ओढण्याच्या तोंडाशी होतो. तिथे फिल्टरसह सायलेन्सर बसवल्यास पेटी न करताही फरक पडतो. टाकीतून निघणारी नळी लवचीक ठेवावी.

*तपासणी:* पेटीत थर्मामीटर ठेवून यंत्र अर्धा तास चालवावे. तापमान वाढतच राहिले आणि स्थिरावले नाही, तर हवेची वाट मोठी करावी. मोटारीला हात लावता येईनासा झाला, तर पेटी उघडी ठेवूनच काम करावे.

*इशारा:* हवा खोलीबाहेर सोडत असाल, तर तितकीच ताजी हवा आत येण्याची सोय हवी. गॅस किंवा लाकूड जाळणारे उपकरण त्याच जागेत असल्यास बाहेर जाणारा विषारी धूर ओढला जाऊन उलटा आत येऊ शकतो.

टप्पा ६: फटी आणि दार

भिंतीपेक्षा दार कमकुवत असते, आणि दारापेक्षा त्याखालची फट. ९०० मिलिमीटर रुंद, २,१०० मिलिमीटर उंच दाराखाली १० मिलिमीटरची फट असेल, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या अर्ध्या टक्क्याइतकीही नसते. तरीही दार शिशाचे केले, तरी त्याची अडवणूक २३ डेसिबलच्या पलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून दार बदलण्याआधी फट बुजवावी, कारण उलटे केल्यास जड दाराचा खर्च वाया जातो.

१. रात्री खोलीत प्रखर दिवा लावून बाहेरून अंधारात पाहावे. जिथून उजेड येतो, तिथून आवाज येतोच. उजेड न येणाऱ्या वाकड्या फटींतूनही तो जातो, त्यामुळे विजेचे बॉक्स, पाइपभोवतीची भोके आणि चौकट व भिंत यांच्यातली चीर वेगळी तपासावी.

२. न हलणाऱ्या फटींत कायम लवचीक राहणारे सीलंट भरावे. फसफसून फुगणारा फोम हलका असल्याने त्याने आवाज फारसा अडत नाही.

३. दाराच्या तिन्ही बाजूंना पोकळ रबरी पट्टी आणि खाली दार बंद होताच उतरणारी सीलपट्टी लावावी. कागदाचा तुकडा दारात अडकवून ओढून पाहावा. तो कुठेही सहज निघू नये.

४. हे झाल्यावरच पोकळ दाराच्या जागी भरीव दार बसवावे.

टप्पा ७: खोलीच्या आतले शोषण

दारे-खिडक्या बंद केल्या, की आतला घुमारा वाढतो. छतावर आणि यंत्रांसमोरच्या भिंतीवर कापडात गुंडाळलेले ५० मिलिमीटर रॉकवूलचे पॅनल टांगावेत. एवढे पुरे. उघडा पॉलियुरेथेन फोम सुतारकामाच्या खोलीत अजिबात नको. तो झपाट्याने पेटतो आणि त्याच्या खाचांत भरलेला बारीक भुसा एका ठिणगीची वाट पाहत असतो.

टप्पा ८: भिंत, लागलीच तर

पहिल्या टप्प्यातली मोजणी पुन्हा करावी. ज्या यंत्रापुढे 'हवा' लिहिले होते आणि ज्याचा त्रास अजून शिल्लक आहे, त्याच्यासाठीच भिंतीकडे वळावे.

१. भिंतीचे वजन दुप्पट झाले, तर अडवणूक ५ ते ६ डेसिबलने वाढते. पहिला जादा थर म्हणूनच स्वस्तात पडतो, आणि त्यानंतरचा प्रत्येक ५-६ डेसिबलचा लाभ आधीच्या दुप्पट सामानाने मिळतो.

२. जिप्सम बोर्डाचे दोन थर लावताना मध्ये न सुकणारे डॅम्पिंग द्रव्य घालावे आणि दोन्ही थरांचे सांधे एकमेकांवर येऊ देऊ नयेत.

३. वेगळी चौकट उभी करायची असेल, तर ती जुन्या भिंतीला कुठेही न टेकता उभी करावी आणि मधल्या पोकळीत रॉकवूल भरावे. एका खिळ्याने जरी दोन्ही भिंती जोडल्या गेल्या, तरी वेगळेपणाचा लाभ घटतो.

४. जुन्या भिंतीत आधीच पोकळी असेल, तर तिच्यापुढे अरुंद पोकळी सोडून तिसरा पडदा बांधू नये. तीन पडदे आणि दोन अरुंद पोकळ्या अशा रचनेत खालच्या पट्टीतला आवाज पूर्वीपेक्षा जास्त बाहेर जाऊ शकतो. अशा वेळी जुन्या भिंतीलाच सरळ जादा थर चिकटवावा.

*तपासणी:* शेवटची मोजणी रात्रीच्या शांततेत, तक्रारीच्या खोलीत, तक्रार करणाऱ्या माणसाला सोबत घेऊन करावी. यंत्रे एकेक करून चालवावीत, आणि कोणत्या यंत्राचा त्रास उरला आहे हे त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यावे. फोनचा आकडा आणि त्यांचे उत्तर जुळले नाही, तर उत्तर धरावे आणि त्या यंत्रासाठी टप्पा १ मधील तळहाताची चाचणी पुन्हा करावी.